उन्हात ठेवलेले सेल

माझ्या घरी चार जुने कीबोर्ड आहेत आणि त्यांतला एकही धड नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे "काका, एकदा पाहायला येऊ का" असं विचारणाऱ्यांची हौस इथंच फिटेल. येऊ नका, लेकहो. एकाच्या उजवीकडच्या पट्ट्या मुक्या झाल्या आहेत. दुसरा तापल्याशिवाय सुरात येत नाही, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात इतका तापतो की सुरात राहत नाही. तिसऱ्याच्या पोटात उंदरानं संसार मांडला होता. चौथा सगळ्यांत लहान, पोरांना वाढदिवसाला घेऊन देतात तसला, आणि मी लिहायला बसलो आहे तो त्याच्यासाठी.

मी पांढरकवड्याला एका सरकारी कचेरीत बाबू होतो. दिवसा फायली आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. लग्नं, गणपती, शारदा, दुर्गा, कुठंही बोलवा, आमची पार्टी टेम्पोत सामान टाकून हजर. मी कीबोर्डवर असायचो. लोक गाणाऱ्या बाईकडे पाहायचे, ढोलकवाल्याकडे पाहायचे, माझ्याकडे कोणी पाहत नसे. पण मी हात काढला की सगळं गाणं उघडं पडायचं, हे त्या दोघांनाही माहीत होतं. म्हणून दोघंही मला धरून असायचे.

मग कापसाचे ते वाईट दिवस आले. ते कसे आले आणि काहून आले हे सांगणारे पुष्कळ झाले. आमच्यापर्यंत ते निरोपानं आले. घेतलेल्या सुपारीच्या दोन दिवस आधी गावाकडून माणूस यायचा आणि म्हणायचा, "भाऊ, कार्यक्रम राहू द्या. गावात एक झालं." कोण गेलं, कसं गेलं, हे आम्ही विचारत नव्हतो. ज्या गल्लीत रडणं चालू आहे, तिच्या शेजारच्या गल्लीत वाजवायला कोणाचा जीव होणार? बरोबरच होतं त्यांचं. पण असं एका गावात झालं, दुसऱ्यात झालं, आणि पुढे पुढे लोकांनी लग्नात वाजवायचंच सोडून दिलं. आमचा ढोलकवाला कामाच्या शोधात हैदराबादकडे गेला. गाणारी बाई लग्न करून गेली. आजूबाजूच्या पार्ट्याही अशाच मोडल्या. त्यांची वाद्यं विकायला निघाली तेव्हा घेणारं कोणी नव्हतं. मग ती माझ्या दारात यायला लागली. "तुह्याकडे राहू दे, तू जपशीन." सुटलेली गुरं शेवटी कोंडवाड्यात जातात, तशी माझी पुढची खोली भरत गेली.

बायको त्यांना सवती म्हणायची. "एक असती तं झिंज्या उपटल्या असत्या," ती म्हणायची, "चार-चार जणींशी कोन भांडन? आन् चारीच्या चारी बिमार!" शेजारणीला सांगायची, "आमच्या घरी दवाखाना हाय बाप्पा, डॉक्टर कचेरीत गेला हाय." तोंडाची फटकळ होती. मीही काही कमी नव्हतो. आमची भांडणं ऐकून समोरच्या घरचे रेडिओ बंद करायचे, इतकी ती रंगायची.

आता विचाराल, ही दुखणी घरात ठेवायची कायले? सांगतो. नव्या कीबोर्डात हजार आवाज असतात आणि हजारही स्वच्छ आंघोळ करून बसलेले. या जुन्यांना अंगाचा वास आहे. तो मोठा, तापणारा, त्याला सुरू करून चहा पिऊन यायचं, तोवर तो जागा होतो. मग एक खुंटी जराशी फिरवली की आवाज जाड होतो, दुसरी फिरवली की दूर जातो. कुठलं पान उघडायला नको, पडद्यावर काही वाचायला नको. बोटाला जे वाटलं ते कानाला मिळतं. आणि कालचा आवाज आज हुबेहूब लागत नाही. शोधावा लागतो, आणि शोधता शोधता भलताच सापडतो. एखाद्या रविवारी असा सापडलेला आवाज मी दुपारभर धरून बसायचो. जेवण थंड व्हायचं, बायको आतून माझ्या खानदानाचा उद्धार करायची, आणि मी सुखात असायचो. खोटं कशाला बोलू!

आणि तोटे विचाराल तर हंगामात कापसाची जिनिंग सुरू झाली की हवेत रुई उडते. डोळ्याला दिसत नाही, पण पट्ट्यांच्या फटीत जाऊन बसते आणि आतल्या रबराला चिकटते. मग पट्टी दाबली तरी बोलत नाही, किंवा बोलली की गप्प बसत नाही. सुटा भाग मिळत नाही. टीव्ही दुरुस्त करणाऱ्यानं तर "काका, म्हाताऱ्या माणसाले कोन ऑपरेशन करते" म्हणून हातच जोडले. लाइटचं विचारूच नका. त्या वर्षांत भारनियमन असं होतं की लाइट आली की लोक एकमेकांना सांगायचे. आणि सगळ्यांत मोठा तोटा हा, की दाखवायला कोणी नसतं. चांगला आवाज लागला तर तो ऐकून "हं" म्हणणारं माणूस लागते. भिंत "हं" म्हणत नाही.

त्या लहान कीबोर्डात एक सोय होती. लाल बटण दाबून वाजवलं की ते आत राहायचं, आणि हिरवं दाबलं की तसंच्या तसं पुन्हा वाजायचं. राहायचं म्हणजे एकच धून, आणि तीही पाठीमागच्या खोबणीत टॉर्चचे मोठे सेल असतील तोवर, किंवा भिंतीतून लाइट येत असेल तोवर. सेलही नाही आणि लाइटही नाही, असं क्षणभर जरी झालं तरी आतलं सगळं साफ.

एका संध्याकाळी कचेरीतून आलो, चाळा म्हणून हिरवं बटण दाबलं, आणि आतून भुलाबाईच्या गाण्याची चाल आली. एका बोटानं वाजवलेली. पहिली ओळ बरी, दुसऱ्या ओळीत बोट भलत्याच पट्टीवर पडलं, तिथंच थांबलं, आणि जरा वेळानं शेजारच्या पट्टीवर बिचकत गेलं. मग पुढची ओळ अशी धावत आली, जशी काही मागे कोणी लागलं आहे. मी स्वैंपाकघरात पाहिलं तर बायको पाठमोरी, पण खांदे हलत होते.

"कोनं वाजवलं हे?" मी म्हटलं.

"तुमच्या सवतींपैकी कोनी असन," ती म्हणाली. तिच्या या बोलण्याला काही अर्थ नव्हता आणि ते तिलाही ठाऊक होतं. मग तोंडाला पदर लावून इतकी हसली की मलाही हसू आवरेना. "माहेरी म्हनत होतो आमी हे. दुपारी घावलं मले. चुकलं नं पन?"

"चुकलं."

"राहू द्या मंग. तुमी तं कधी चुकत नाई."

त्यानंतर दोन पावसाळे गेले आणि ती गेली. ताप आला, तो डोक्यात गेला, यवतमाळला नेईपर्यंत ओळख सुटली होती. त्याबद्दल मला लिहिता येत नाही आणि मी लिहिणार नाही.

घर गप्प झालं. भांडायला कोणी नाही, म्हणजे काय असतं ते ज्याच्यावर आलं त्यालाच कळते. मी रोज कचेरीतून आलो की बूट काढायच्या आधी हिरवं बटण दाबायचो. ती चुकायची, थांबायची, बिचकत पुढे जायची. एका मित्रानं सांगितलं, टेपवर उतरवून ठेव. मी हो म्हटलं. पण टेपवर आवाज उतरला असता. इथं तर त्या कीबोर्डाला कुठली पट्टी केव्हा दाबली, किती वेळ दाबली, हे तिच्या बोटानं सांगून ठेवलं होतं, आणि तो दर वेळी नव्यानं वाजवत होता. मला ते सोडून दुसरं काही नको होतं. म्हणून मी त्याला जपायला लागलो. सेल बदलायचे ते भिंतीतली लाइट चालू असतानाच, आणि खोबणीचं झाकण उघडायच्या आधी तीनदा खात्री करून. मध्येच लाइट गेली तर? या विचारानं हाताला घाम सुटायचा. दुखणाईताची सलाइन बदलताना नर्सला सुटत नसेल इतका.

माझी मोठी बहीण उमरखेडकडच्या एका गावात दिलेली. आम्ही तिला बाई म्हणतो. कापूस, सोयाबीन, तूर, सगळी शेती तिनंच पाहायची, आणि हात असा जपून चालवणारा की काडीपेटीची काडीसुद्धा अर्धी उरली तर ठेवून द्यायची. मी एकटा पडलो म्हणून ती तुरी निघाल्यावर चार दिवस राहायला आली. नेमकी तेव्हाच मला इलेक्शन ड्यूटी लागली, झरी जामणीच्या आतल्या एका गावात. जाताना मी बाईला गॅसचं सांगितलं, दूधवाल्याचं सांगितलं. कीबोर्डाचं काही बोललो नाही. काय सांगणार होतो, की माझ्या बायकोचं बोट त्यात आहे? आमच्या घरात असलं कोणी कोणाला सांगत नाही.

परत आलो तेव्हा दुपार होती. जंगलातल्या रस्त्याची धूळ अंगावर होती आणि दोन दिवसांची झोप डोळ्यांवर. फाटक उघडलं आणि समोर ओट्यावर जुन्या पेपरवर सहा सेल ओळीनं उन्हात ठेवलेले दिसले.

आमच्या मुलखातल्या माणसाला सांगायला नको. टॉर्च, रेडिओ, जे काही रोज लागत नाही, त्यातले सेल आधी काढून ठेवायचे. नाहीतर ते गळतात आणि वस्तू खातात. काढलेले उन्हात ठेवायचे, म्हणजे त्यांत पुन्हा जीव येतो. रानडुकरं हाकलायला रात्री वावरात जाणाऱ्याच्या घरी सेल औषधासारखे असतात. माझ्या आईनं हेच केलं असतं. बायकोनंही केलं असतं. पाहुणा म्हणून कोणाच्या घरी गेलो असतो, तर मीही केलं असतं.

मी आत गेलो. भिंतीतली पिनही काढलेली होती आणि वायरीची नीट गुंडाळी करून वर रबर लावलेलं होतं. मी पिन लावली. लाइट होती. हिरवं बटण दाबलं. आतून काही आलं नाही. पुन्हा दाबलं. स्पीकरातून नुसता बारीक सूं असा आवाज येत राहिला.

बाई पदराला हात पुसत बाहेर आली. "बरं झालं बाप्पा, मी पाह्यलं," ती म्हणाली. "एक सेल गळून राह्यला होता. पांढरं पांढरं आलं होतं. समदं रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढलं. आनखी आठ दिवस राह्यला असता तं तुही पेटी गेली असती. बरं केलं नं बाबू?"

मी त्या खोबणीत पाहिलं. खरंच, तारेवर हिरवा डाग होता आणि तो घासून घासून चकचकीत केलेला होता. बाई खरं बोलत होती. पेटी तिनंच वाचवली होती.

माझ्या डोक्यात जाळ झाला. ओरडलो मी. पण कशावर ओरडलो? तिनं पुढे केलेल्या चहावर. "इतकी साखर घालते काय कोनी? गोड पाजून मारतं का मले?" कप असा आपटला की बशी फुटली. बाई खाली बसून तुकडे वेचायला लागली आणि म्हणाली, "भावजय गेल्यापासून तू असाच झाला." मला तिच्या मांडीवर डोकं ठेवून सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर तिनं जन्मभर आपल्या त्या हाताला माफ केलं नसतं. तुरीची डाळ, मुगाची वडी, लोणचं, सगळं पिशवीत घालून इतक्या लांबून माझ्याकडे येणारं ते एकच माणूस मला उरलं होतं. मी म्हटलं, "बरं केलं बाई. पेटी वाचली." दुसऱ्या दिवशी तिला उमरखेडच्या एस्टीत बसवून आलो.

मग मी ती चाल पुन्हा आत भरायचं ठरवलं. चाल मला तोंडपाठ होती. लाल बटण दाबलं आणि एकाच बोटानं वाजवायला लागलो. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत बोट बरोबर पट्टीवर गेलं. थांबवून पुन्हा केलं. या वेळी ठरवून चुकीच्या पट्टीवर टाकलं, तर ती चूक मोजून मापून तालात पडली, नाटकातल्या माणसानं ठेच लागल्याचं सोंग करावं तशी. डाव्या हातानं करून पाहिलं. डोळे मिटून केलं. दुपार उतरेपर्यंत तेच करत बसलो. ती जिथं थांबायची तिथं माझं बोट थांबायचं, पण त्याला पुढची पट्टी माहीत असायची. तिला माहीत नव्हती. ती शोधत होती. मांडवांमध्ये वाजवून वाजवून मी हे बोट असं तयार केलं होतं की त्याला आता शोधता येत नव्हतं. मी तिथंच पट्ट्यांवर डोकं टेकून रडलो, आणि दाबल्या गेलेल्या सगळ्या पट्ट्या एकदम बोंबलल्या. लाल बटण चालूच होतं. जे भरलं गेलं ते मी लगेच पुसून टाकलं.

बाई आता थकली आहे, येणं होत नाही. पण फोन करते. तब्येतीचं झालं, पाऊसपाण्याचं झालं की न चुकता विचारते, "तुही ती पेटी चालू हाय नं बाबू?"

"हाय," मी म्हणतो. "तुह्यामुळंच हाय."

"मंग वाजवत जाय. जीव रमते."

वाजवतो मी. रोज संध्याकाळी भुलाबाईची ती चाल एका बोटानं वाजवतो. अगदी बरोबर येते. एकदाही चुकत नाही.