वाट अडवणारी ठुमलीबाई

ठुमलीबाई सगळ्या जगाला 'तू' म्हणायची. मला, तहसीलदाराला, मुंबईहून आलेल्या डॉक्टरला आणि दारातल्या शेळीला, सगळ्यांना एकच. सातपुड्यातल्या पावरी बोलीत माणसाला माणूस 'तू'च म्हणतो, असं मी पाहुण्यांना समजावून सांगायचो. पण त्या बोलीत आदराचं 'तुम्ही' असतं, तरी ठुमलीबाईने ते कुणासाठी खर्चलं असतं असं मला वाटत नाही. माझ्याशी ती शहाद्याच्या बाजारात उचललेली अहिराणी बोलायची, आणि त्यातही मी 'तू'च.

मी लोणखेड्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. आमचं घर तापीकाठच्या सपाटीवरचं. सातपुड्याचा डोंगर लहानपणी आम्ही फक्त लांबून निळा पाहिलेला. पहिल्यांदा विद्यार्थ्यांना घेऊन तिच्या पाड्यावर गेलो तो रानपिंगळा दाखवायला. रानपिंगळा म्हणजे पारव्याहून लहान, दिवसाढवळ्या फिरणारं घुबड. सगळ्या जगाने संपला म्हणून सोडून दिलेला हा पक्षी आमच्याच डोंगरात पुन्हा सापडला, ही गोष्ट मी वर्गात छाती फुगवून सांगत असे. तर त्या दिवशी पक्षी दिसेना म्हणून मी मोबाइलवर त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावला. झाडामागून डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई आली आणि तिने माझ्या हातातला मोबाइल सरळ काढून घेतला.

"बंद कर हाई. त्याले वाटस दुसरा कोनी घरमा घुसना. पिल्लं सोडीसन भांडाले येस तो. तुन्हा दारमा कोनी रोज उभा ऱ्हाईसन शिव्या दिन्यात, तं तू पोरंसले खाऊ घालशी का?"

वीस विद्यार्थ्यांसमोर माझं तोंड एवढंसं झालं. सारवासारव म्हणून मी हरवलेल्या आणि सापडलेल्या पक्ष्याची माझी ठेवणीतली गोष्ट सांगायला घेतली. तिने मोळी सावरली आणि म्हणाली, "हारपना कोठे व्हता? तो आठेच व्हता. तुम्हीच उनात नही."

डिंक आणि टेंभुर्णीची पानं गोळा करत तिचा जन्म जंगलात गेला होता. कुठल्या सालईच्या ढोलीत कोण राहतं हे तिला गल्लीतल्या घरांसारखं पाठ होतं. पुढे पक्षी पाहायला माणसं येऊ लागली, तेव्हा पाड्यातल्या चार घरांनी पाळीपाळीने पाहुणे ठेवायला सुरुवात केली आणि ठुमलीबाईच्या गळ्यात वनखात्याच्या ऑफिसने गाइडचं कार्ड घातलं. नियम मात्र तिचे. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या गावाबाहेर ठेवायच्या. जेवण असेल ते, म्हणजे ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ. ताट ज्याचं त्याने धुवायचं. "दिसेल ना नक्की?" असं कुणी विचारलं की ती म्हणे, "दिसना तं दिसना. तो काय मन्हा नोकर शे?" एका हौशी मंडळाने काठी गावच्या होळीतला नाच डिसेंबरातच करून दाखवा, असा हट्ट धरला. ठुमलीबाईने त्यांच्या म्होरक्याला विचारलं, "तुन्हं लगीन रोज लागस का?" मंडळ दुसऱ्या दिवशी निघून गेलं. मी हसून हसून बेजार झालो होतो, पण चार घरांतल्या बायका हसत नव्हत्या. पाहुणे आले की त्यांची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जायची वाचत होती.

म्हणूनच पुढच्या हिवाळ्यात जे घडलं ते साधं नव्हतं. जिल्ह्यातल्या एका बड्या साहेबांचे पाहुणे भला मोठा कॅमेरा घेऊन आले. सोबत मला धाडलं होतं. ठुमलीबाई म्हणाली, ढोलीत पिल्लं आहेत, आठ दिवस झाले वाट बंद केली आहे, पलीकडच्या नाल्यावरून दिसेल तेवढं बघा. पाहुण्यांना ढोलीचाच फोटो हवा होता. ते पायवाटेकडे निघाले. ती घरात गेली, उडदाचं सूप घेऊन आली आणि वाटेच्या मधोमध बसून खडे निवडू लागली.

"मी कोण आहे माहीत आहे का तुला?" पाहुण्यांनी विचारलं.

"नही. तू सांगं नही. मी तुले बठ म्हनं, पानी दिनं. आखो काय पाहिजे?"

तिची सून वनिता धावत आली. एकदाच जाऊ दे, नाहीतर आपल्याकडे कुणी येणार नाही, असं ती रडकुंडीला येऊन सासूला सांगत होती. पाहुणे माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही तरी समजवा हिला." ठुमलीबाईने मान वर केली. "मास्तर, तू कोनाकडना शे?"

मी वाटेवरून तिला उठवलंही नाही आणि तिच्या शेजारी बसलोही नाही. चपलेने माती उकरत उभा राहिलो. त्या गप्प बसण्याची लाज मला आजही वाटते. पाहुणे अर्ध्या तासाने चरफडत परतले. पंधरा दिवसांत उद्धट वर्तनाबद्दल तिचं कार्ड काढून घेतलं आणि त्या हिवाळ्यात चारही घरं रिकामी राहिली. वनिताचा नवरा ऊसतोडीला गेला. बायका ठुमलीबाईशी बोलेनाशा झाल्या.

ती वाकली नाही. पुन्हा डिंकाला जाऊ लागली आणि शनिवारी शाळा सुटली की पोरांना नाल्यावर नेऊन बसवू लागली. पाड्यावर घुबड अशुभ. दिसलं की पोरं गलोल काढायची. तिने पोरांना एक खेळ लावून दिला. समोरच्या फांदीवरच्या रानपिंगळ्याकडे टक लावून बघायचं, आणि आधी पापणी कोण पाडतं ते ठरवायचं. पोरं दर वेळी हरायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हजर व्हायची. "कार्ड नही तं नही," ती मला म्हणाली, "पोरंसले देखाले कार्ड लागस का?"

दोन वर्षांनी ऑफिसातले साहेब बदलले. विणीच्या काळात ती वाट बंदच ठेवायची, तसा बोर्ड लावायचा, असं ठरलं. मजकूर शुद्ध मराठीत हवा म्हणून काम माझ्याकडे आलं. ठुमलीबाई तेव्हा छातीच्या दुखण्याने खाटेवर होती. तिच्याजवळ बसून मी वाचून दाखवलं: "सर्व पर्यटकांना नम्र विनंती आहे की, पक्ष्यांच्या विणीच्या काळात कृपया या वाटेने जाऊ नये."

"नम्र विनंती म्हंजे?"

मी हात जोडून दाखवले.

ती खोकत खोकत उठून बसली. "आपला घरनं दार लावाले हात जोडाना? कोनाले? खोडी टाक."

मी खोडलं. मग तिने 'कृपया' खोडायला लावलं, मग 'सर्व पर्यटकांना'. उरलेलं तिने बदलून सांगितलं आणि कागदावर एवढंच राहिलं: 'पिल्लं आहेत. वाट बंद.' तेही तिने दोनदा वाचून घेतलं. आठवड्याने ती गेली.

कागद घेऊन मी ऑफिसात गेलो. नव्या साहेबांनी वाचला, चष्मा काढला आणि फार अदबीने म्हणाले, "सर, मोठमोठे लोक येतात तिथे. भाषा जरा उद्धट वाटते. एखादं 'कृपया' तरी घालू या ना?"

मी म्हणालो, "नाही."