साहेबांनी न केलेला फोन

साहेबांच्या साठीनिमित्त काढलेल्या या पुस्तकात ज्या फोनचं सगळ्यांनी कौतुक केलंय, तो फोन साहेबांनी केलाच न्हाई. म्या केला. त्यांचा आवाज काढून.

साहेबांची वळख बी नकलेतूनच झाली. किकवीला चहाच्या टपरीवर म्या त्यांची नक्कल करत व्हतो, अन् साहेब मागंच उभे. म्हणाले, "आवाज जमला. पण मी 'अंदाजे' कधी म्हणत नाही. गाडी चालवतोस?" तवापासनं त्यांचा ड्रोन माझ्या टेम्पोत, अन् त्यांचा अर्धा डबा माझ्या पोटात.

काम असं, की ड्रोनला दोरीनं धातूचा गोळा टांगून पावसाच्या रडारसमोर धरायचा. गोळा केवढा ते ठाऊक असतंय. रडारला तो केवढा दिसतोय ते बघितलं की रडारची चूक कळती. एकदा वाऱ्यानं गोळा जरा हलला, तर साहेबांनी दिवसभराचं काम पुसून टाकलं.

त्या पावसाळ्यात सकाळच्या उघडिपीत कळलं, रडार पाऊस लई कमी दाखवतंय. दुपारी हिर्डोशीकडं धो धो, अन् हापिसात पडद्यावर रिमझिम. परवानगीबिगर गावाला कळवायची साहेबांना मुभा न्हाई. ते वरच्यांना फोनवर विनवत व्हते, "पडद्यावर जाऊ नका, डोंगराखालची वाडी हलवा!" पलीकडनं एकच, "थांबा."

म्या टेम्पोमागं जाऊन तिथल्या सरपंचांना फोन लावला. "मी साहेब बोलतोय. वरची वाडी रिकामी करा."

"नक्की का, साहेब?"

"नक्की. आत्ताच्या आत्ता."

माणसं खाली शाळेत आली. डोंगर घरांवर आला. धोंडीमामा तेवढे शेरडं सोडायला माघारी गेले व्हते. त्यांना चिखलातनं काढलं, तवा जीव गेला व्हता.

चौकशीत इचारलं, फोन कुणी केला? म्या उठणार, तर साहेबांनी माझी मांडी दाबली. "मी केला. याच्या मोबाईलवरून."

बाहेर आल्यावर म्हणलं, "साहेब, खोटं बोललात?"

"हो. आणि ते तू दुरुस्त करायचं नाहीस."

त्यांची बढती गेली. कधी बोलून दावलं न्हाई.

दर वर्षी साहेब धोंडीमामाच्या घरी जातात. मामी म्हणतात, "तुमच्यामुळं नातवंडं हायत, साहेब. पर शेरडं आधी सोडा, येवढं बोलला असता तर?" खऱ्या साहेबांनी फोन केला असता तर ते बोलले असते. माझ्या डोक्यातच आलं न्हाई. साहेब मान खाली घालून ऐकतात.

साहेबांना लई आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत. अन् वाचणाऱ्यांनो, पाया पडतो, कुणाला बोलू नका. मामींच्या दारातनं म्या कैकदा माघारी आलोय. त्यांना सांगायचं ते म्याच सांगीन. तवर तुमी कुणी सांगू नका.