मागच्या स्प्रिंगा पुढे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. याच्या शेजारची एक गोष्ट मात्र इतक्या वेळा सांगितली आहे की आमच्या नात्यातली लहान मुलंसुद्धा तिचा शेवट माझ्याआधी म्हणून टाकतात. आधी तीच सांगतो. तेवढाच धीर येईल.

बँकेनं बदली करून चेन्नईला पाठवलं, आणि वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये सामान लावून होतं न होतं तोच मला रिमोटवरच्या मोटारींचा नाद लागला. खेळण्यातली मोटार नव्हे हं — हातभर लांब टूरिंग कार, खऱ्या गाडीसारखं चारी चाकांना वेगवेगळं सस्पेन्शन. बोटाच्या पेराएवढे शॉकअब्सॉर्बर, त्यांच्यावर स्प्रिंगा, आत सिलिकॉनचं तेल. एकदा ते तेल संपलं. मी विज्ञानाचा पदवीधर. विचार केला, तेल ते तेल — आणि घरातलं खोबरेल भरलं. दुपारी गच्चीवर गाडी लोण्यासारखी पळाली. मग मार्गळी महिना आला, म्हणजे तिकडचा डिसेंबर-जानेवारी. चेन्नईची थंडी ती काय, लोक माकडटोप्या घालतात आणि आम्ही सातारकर हसतो. पण एका सकाळी गाडी पाटासारखी ताठ. दाबली तरी खाली जाईना. मी सगळे स्क्रू उघडून बसलो. नीला — माझी बायको — न्हाणीघरातून तेलाची बाटली घेऊन आली, माझ्यापुढे उलटी धरली. एक थेंब पडला नाही. आत सगळं पांढरं, गोठलेलं.

"अहो," ती म्हणाली, "उन्हात ठेवा तिला. आणि केस धुवायचे असतील तर शिकेकाई देते."

ही गोष्ट मी लग्नांत सांगतो, बारशांत सांगतो. लोक पोट धरून हसतात. जो माणूस स्वतःची फजिती एवढ्या मोकळेपणानं सांगतो त्याच्यावर कोण संशय घेणार? हे मला कळत होतं का? — होतं, असं वाटतं.

त्या बाटलीपासून नीला गाडीत रमली, हे मात्र मी कधी कुणाला सांगत नाही.

आम्ही काही हौशी मंडळी रविवारी सकाळी शहराबाहेर सिरुसेरीला जमायचो. तिथं एका कंपनीचं पार्किंग सुटीच्या दिवशी रिकामं असे. सपाट, काळंभोर डांबर. खडूनं वळणं आखायची, कडेला जुने टायर मांडायचे. आमच्यातले ज्येष्ठ वेंकटराव. तंजावरचे मराठी, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचं मराठी आपल्या पणजोबांच्या काळातलं, वर तमिळ हेल. नीला आधी दहीभात आणि छत्री सांभाळायला यायची. मग एकदा मी घाम पुसत असताना तिनं रिमोट हातात घेतला.

काय सांगू? मी वळणावर गाडी भांडून वळवतो. ती वळणाच्या आधीच वेग सोडायची, गाडीला आपणहून वळू द्यायची. डांबर तापलं की टायर जास्त चिकटतात, हे मी वाचून शिकलो होतो. ती नुसती बघून म्हणायची, आता गाडी जड झाली. वेंकटराव तिला तिकडच्या रिवाजानं मामी म्हणत; काठी टेकून उभे राहायचे आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "पारुंगो, बघा, मामी कशी अलगद हाकतात. तुम्ही आता पाने-पक्कड घेऊन मागं बसा, ओय." सगळे हसत. मीही हसे. सगळ्यांत मोठ्यानं.

त्याच सुमारास आम्ही एक जुनी मोटार घेतली होती — खरी. आणि नीला स्टेशनजवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आली. मला न विचारता. विचारायचं कारणही नव्हतं. म्हणाली, एकदा एकटीनं बेझंट नगरला जाईन, समुद्रापुढे गाडी उभी करीन, काचा खाली करीन आणि कुणाला सांगणार नाही कुठं होते ते. मी म्हटलं, मला सांगितलंसच की. ती म्हणाली, तुम्हाला वार सांगितलेला नाही.

या वाक्यावर मी आता किती वेळ रेंगाळतो आहे, पाहा. कारण यानंतर पुढच्या वर्षीच्या पोंगलच्या सुटीतली शर्यत येते.

छोटीशीच होती, आमची आमच्यात. मी माझ्या नव्या गाडीवर, नीला माझ्या जुन्या गाडीवर. दोन्ही गाड्या शर्यतीसाठी जुळवायचं काम माझं. आमच्यात तो दंडकच होता — ज्यानं गाडी जुळवली त्याच्या शब्दावर चालवणाऱ्यानं चालवायची, वर तपासत बसायचं नाही. नीलानं तर कधीच तपासली नसती.

स्प्रिंगांचं थोडं समजून घ्या, अवघड नाही. मागे मऊ स्प्रिंग असली की मागची चाकं रस्ता धरून बसतात. मागे कडक आणि पुढे मऊ केली की वळणावर गाडीची शेपूट सुटते. मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गाडी गर्रकन फिरते. चालवणाऱ्याला वाटतं, आपलंच चुकलं. आपण जास्त वळवली, उशिरा सोडली. गाडीवर बोट ठेवायला जागाच राहत नाही.

सकाळी छत्रीखाली टेबल मांडलं होतं. नीलानं तिची गाडी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, तुमच्यासाठी कॉफी आणते, गेटजवळ मिळते. ती गेली. मी तिच्या गाडीच्या मागच्या मऊ स्प्रिंगा काढल्या आणि पुढे घातल्या. पुढच्या कडक मागे. इतकं नेटकं काम मी आधी कधी केलं नसेल. ती परत आली तेव्हा मी फडक्यानं गाडी पुसत होतो. तिनं कॉफी टंबलरमधून वाटीसारख्या डबऱ्यात, डबऱ्यातून टंबलरमध्ये करून निववून आणली होती, कारण मला गरम सोसत नाही. मी ती प्यालो. चांगली होती.

पुढचं आमच्या नात्यात सगळ्यांना पाठ आहे, कारण तेही मीच सांगतो. दुसऱ्याच वळणावर नीलाची गाडी गरगरली, टायरांवरून उडाली आणि पिण्याच्या पाण्याच्या कॅनवर आदळली. कॅन कलंडला, गडगडत वेंकटरावांच्या पायांशी गेला, त्यांची वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, गुडघ्यापर्यंत भिजली आणि लिंबूभाताच्या डब्यात तळं झालं. मी वेंकटरावांची नक्कल फार छान करतो — वेष्टी उचलून एका पायावर नाचण्याची. लोक डोळे पुसतात. नीलाही हसते. दर वेळी.

मी त्या शर्यतीत शेवटून दुसरा आलो. शेवटची ती होती. म्हणजे पाहा, जिंकण्यासाठीही नव्हतं ते.

परतताना जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर ती शेजारी बसून आपले तळवे बघत होती. उलटे, सुलटे. मग म्हणाली, माझ्या हातालाच वळण नाही हो. मला शब्दन् शब्द आठवतो आहे, कारण त्या क्षणी मला बोलता आलं असतं. एकच वाक्य लागलं असतं. चेष्टेत घातलं असतं तरी चाललं असतं — चेष्टा तर माझा धंदाच. मी काय म्हणालो? म्हणालो, असू दे गं, सगळ्यांना नाही जमत.

स्प्रिंगांपेक्षा हे वाईट. स्प्रिंगा मी घरी गेल्यावर, ती देवापुढे दिवा लावत होती तेव्हा, पुन्हा जागच्या जागी घातल्या. या वाक्याचं तसं करता आलं नाही.

त्याच आठवड्यात तिनं ड्रायव्हिंग स्कूलमधून नाव काढून घेतलं. रिमोटला पुन्हा हात लावला नाही. रविवारी दहीभात करून द्यायची, यायची नाही. वेंकटराव विचारायचे, मामी का येईनात? मी म्हणायचो, उन्हाचा त्रास होतो त्यांना. तेव्हापासून ती रिक्षानं जाते. रिक्षावाल्याशी तमिळमध्ये माझ्यापेक्षा बरी भांडते. रविवारी संध्याकाळी मी तिला बेझंट नगरला नेतो. समुद्रापुढे गाडी उभी करतो, काचा खाली करतो. ती डावीकडे बसते. वाळूवर मुलं पतंग उडवतात. आम्ही उकडलेल्या चण्यांचं सुंडल खातो. मी काहीतरी विनोदी सांगत असतो.

मी तिला घाबरलो होतो का? वेंकटरावांना? की तो न सांगितलेला वार मला सोसला नाही? मला एकच उत्तर सापडलं असतं तर लिहिलं असतं. केलं ते मी, जाणून केलं, आणि नंतर त्यावर लोकांना हसवलं. तिलासुद्धा.

हे एवढं लिहून झालं. आज सकाळी तिला वाचून दाखवलं. ती सांबारासाठी छोटे कांदे सोलत होती. मधेच थांबवलं नाही. संपलं तेव्हा तिनं सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "मी कॉफी आणायला गेले, तेव्हा?"

मी म्हटलं, "हो."

तिनं उरलेले कांदे सोलले. सालं गोळा केली, टाकून आली, हात धुतले, पदराला पुसले. मग किल्ल्यांच्या खुंटीपाशी उभी राहून म्हणाली, "दिवाळीला सगळे जमतील तेव्हा तुम्ही खोबरेल तेलाची सांगा. पाण्याच्या कॅनची मी सांगेन."