फारच स्वच्छ आवाज

कपड्यांच्या मोठ्या दुकानात परत आलेला माल घेण्याचा जो काउंटर होता, तिथे ती बसायची. दुकानातले लोक तिला पाठीमागे ‘झडती’ म्हणत, आणि हे तिलाही ठाऊक होतं. “एकदाही घातला नाही हो,” असं म्हणत कुणी सदरा पुढे केला, की ती आधी कॉलर उलटून बघायची, मग काखेची शिवण, मग खिशाच्या तळाशी बोट. मळक्या कपड्यांचा तिला त्रास नव्हता, ते स्वतःच सगळं सांगून टाकत. दुकानातल्या नव्या कपड्याहूनही जो स्वच्छ दिसेल, त्याच्याकडे ती डोळे बारीक करून बघायची. असला कपडा हमखास धुतलेला निघे.

घरीही तिची झडती चालूच असे. कडी दोनदा ओढून बघायची, दूध नाकाला लावूनच पातेल्यात ओतायचं. नवरा हसून सोडून द्यायचा. पण हल्ली तिचा संशय लेकीच्या छातीवर येऊन बसला होता. सात वर्षांची पोर खेळून दमून दुपारी झोपली, की तिच्या श्वासाच्या शेवटी एक बारीक शीळ यायची, किटलीतलं पाणी उकळीच्या बेतात असताना येते तशी. दवाखान्यात मात्र काहीच नाही. डॉक्टरांनी छाती, पाठ सगळं तपासलं. “पुन्हा आलं तर रेकॉर्ड करून आणा,” ते म्हणाले, “नुसत्या सांगण्यावरून औषध कसं देऊ?” घरी येताना नवरा रस्ताभर भलतंच काहीतरी बोलत राहिला. ते तिला आवडलं नाही.

तिचा फोन बादलीत पडल्यापासून त्याचा माइक बिघडलेला, ओरडून बोललं तरच आवाज पकडायचा. नवऱ्याचा मागावा तर कशाला हवा ते सांगावं लागणार. राहिला घरातला जुना लॅपटॉप. ती रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर शोधायला बसली आणि जागोजाग तिला चोर दिसायला लागले. पहिलं फुकट होतं, पण नाव, जन्मतारीख, मोबाइल विचारून झाल्यावर ओळखीच्यांचे नंबरही मागायला लागलं. पोरीचा श्वास ऐकायला याला माझ्या मावशीचा नंबर कशाला हवा? तिने ते काढून टाकलं. दुसरं उघडलं तर विमान चालवायला बसल्यासारखं वाटलं, इतकी बटणं. तिसरं पहिला आठवडा फुकट म्हणत होतं. आठवडाभर वापरून परत करणारी गिऱ्हाइकं ती रोज बघत होती, हे त्याच जातीचं.

शेवटी धाकट्या भावाला फोन लावला. तो एका ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम करायचा. हे कुणाचं आहे, आवाज कुठे पाठवतं का, फुकट असून यांचं पोट कसं भरतं, असं तिचं चालू झालं.

“ताई, तू सॉफ्टवेअर शोधतेयस की जावई?” तो म्हणाला. मग त्याने एक सुचवलं. वापरायला सोपं, कुठे काही पाठवत नाही, आणि आवाज एकदम स्वच्छ.

रविवारी पोर झोपल्यावर तिने लॅपटॉप पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला आणि बटण दाबलं. शीळ आली. तिने स्वतःचा श्वास रोखून ती ऐकली आणि लॅपटॉप चालूच ठेवून वाळलेले कपडे आणायला गेली. संध्याकाळी स्वयंपाकघरात हेडफोन कानाला लावले, तर काहीच नाही. शीळ नाही, श्वास नाही. आणि मग रेकॉर्डिंगमध्ये, दुपारी बाहेरच्या खोलीतून फोनवर आपल्या बहिणीशी बोलणाऱ्या नवऱ्याचा आवाज, अगदी कानाशी बोलल्यासारखा.

“अक्का, मला पोरीची नाही, हिची काळजी वाटते. कुणालाच ऐकू येत नाही ते हिला ऐकू येतं.”

तिने हेडफोन काढले आणि धुतलेलाच कप पुन्हा धुतला. आजवर तिने साऱ्या जगाची झडती घेतली होती, आता पाळी स्वतःची आली. खरंच आपल्याला भास होतात का? त्यानंतर पोर झोपली की ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसू लागली. तिथेही कान तिकडेच.

आठवड्याच्या मध्यावर एक गृहस्थ कोट घेऊन आले. घातलाच नाही म्हणाले. कोटाला सुरकुती नाही, धागा नाही, दुकानातल्या कपाटाचा वास येतो तोसुद्धा नाही. सवयीने ती ‘नामंजूर’ लिहायला लागली आणि पेन तिथेच थांबलं. पलंगामागच्या भिंतीवरचं घड्याळ! त्याच्या टकटकीने आल्यागेल्याला झोप लागायची नाही. पंखा तर खडखडायचाच. रेकॉर्डिंगमध्ये यातलं काहीच नव्हतं. ते धुतलेलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने भावाला गाठलं. तो कौतुकाने सांगू लागला, की तेच तर त्याचं वैशिष्ट्य, माणसाचं बोलणं तेवढं ठेवतं, बाकीची खरखर आपोआप पुसून टाकतं.

“आणि श्वास?”

“श्वास त्याच्या हिशेबी खरखरच, ताई.”

“मग मला काहीही न करणारं एखादं सांग.”

असलं ठोंब सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये आधीपासूनच पडलेलं होतं. एक गोल बटण, दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. त्याने ना नाव विचारलं ना नंबर. तरी तिने आधी घड्याळाची टकटक रेकॉर्ड करून ऐकली, आणि ती जशीच्या तशी आल्यावरच त्यावर विश्वास टाकला.

पुढच्या रविवारी त्यात सगळं आलं. पंखा, घड्याळ, खाली कुणाची तरी सुरू न होणारी स्कूटर. आणि त्या साऱ्या गोंगाटात, प्रत्येक श्वासाच्या शेवटी, ती शीळ. पोर अजून झोपलेली होती. तिने हेडफोन नवऱ्यापुढे धरले. अक्काशी तो काय बोलला ते तिने काढलं नाही. “ऐक,” एवढंच म्हणाली.

“घड्याळच ऐकू येतंय गं,” तो म्हणाला. मग त्याने पुन्हा लावलं. अर्ध्यावरच हेडफोन काढून ठेवले, पंखा बंद केला, स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं आणि त्यातला सेल काढला. घड्याळ हातात तसंच धरून तो पोरीजवळ वाकला. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटत होतं, की आपला संशय खोटा निघावा.

तो बराच वेळ वाकून होता. उठला तेव्हा त्याला तिच्याकडे बघवेना.

“उद्या दवाखान्यात मीही येतो,” तो म्हणाला.

तिने त्याच्या हातातलं घड्याळ घेतलं. सेल मात्र परत घातला नाही.