मनकर्णाचा पुसट फोटो

कर्जतला भागवत फोटोवाल्याच्या घरी कधी गेलात, तर समोरच्या भिंतीवर त्याच्या बायकोचा, मनकर्णाचा फोटो दिसेल. हार ताजा, फ्रेम झकास, पण फोटो पुसट. चेहरा धुक्याआड गेल्यासारखा आणि पुढे हवेत उडालेला तांदळाचा एक दाणा मात्र लख्ख. येणारेजाणारे कुजबुजतात, की अख्ख्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्याला स्वतःच्या बायकोचा एक धड फोटो मिळू नये? मिळाला होता हो. चांगला मिळाला होता. त्याचंच तर रडगाणं आहे.

भागवत मुळात गरीब स्वभावाचा, पण धंद्यात महाहट्टी. रिळाच्या कॅमेऱ्यापासून त्याची एकच सवय. कुठलाही फोटो हातात आला, की आधी डोळे बघायचे. डोळे रेखीव उतरले तर फोटो पास, नाहीतर टाकून दे. दुकानाची निम्मी कामं मनकर्णाच करायची. अल्बम चिकटवायची, पासपोर्टच्या फोटोला आलेल्या पोरांचे भांग पाडायची.

मनकर्णा गेली त्या साली श्रीगोंद्याकडच्या एका लग्नात घोळ झाला. मंगलाष्टकं संपली, अक्षतांचा मारा झाला आणि जुन्या कॅमेऱ्याचा फोकस चेहरे सोडून उडत्या दाण्यांच्या मागे धावला. नवरा पुसट, नवरी पुसट. नवरीच्या बापानं चारचौघांत भागवतची अशी लाज काढली, की त्याला कितीतरी दिवस तोंड वर करून चालवेना. मग त्यानं नवा कॅमेरा घेतला. माणसाचा डोळा आपोआप ओळखून तिथंच फोकस धरून ठेवतो, असं दुकानदार म्हणाला. पण दुकानदाराच्या शब्दावर विसंबेल तो भागवत कसला! जुना आणि नवा एकाला एक लावून बघितल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

घरच्या अंगणातच परीक्षा मांडली. मनकर्णानं फाटकापासून ओट्यापर्यंत चालत यायचं आणि लेकीनं, निकितानं, बाजूनं अक्षता उधळायच्या. अक्षता कसल्या, साधे पांढरे तांदूळच. नुसत्या चाचणीला कुंकू कशाला नासायचं? मागे नुकताच चुना दिलेली भिंत होती. मनकर्णाला त्या दिवसांत अन्न जात नव्हतं. मळमळायचं, अंगाला खाज सुटायची. पित्त झालंय म्हणून ती लिंबू-सोड्यावर दिवस काढत होती. तरी नवी साडी नेसून आली बिचारी. दुसऱ्यांदा लगीन लावताय व्हय, म्हणून लाजलीसुद्धा. आधी जुन्यावर फेऱ्या झाल्या, मग नव्यावर. मधेच ती दमून ओट्यावर टेकली, तर हा म्हणतो, आणखी एकदा. ती उठली आणि पुन्हा चालत आली. मला त्या माणसाचा इथं राग येतो, खरंच येतो.

लॅपटॉपवर दोन्हीकडचे फोटो शेजारी शेजारी लावले. जुन्यानं पुन्हा तेच केलं होतं, बहुतेक फोटोंत दाणे लख्ख आणि बायको धूसर. नव्यात मात्र एकही फोटो चुकला नव्हता. तांदळाच्या पावसातूनही कॅमेऱ्यानं मनकर्णाचे डोळे अचूक धरले होते. भागवत हरखला. मोठं करकरून बघू लागला, पापणीचा केस न् केस सुटा दिसत होता. फक्त डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर वाटत होता. रंग जरा पिवळा मारतोय याचा, असं तो स्वतःशीच पुटपुटला. मनकर्णा पदरानं घाम पुसत मागे उभी होती.

"माजं डोळं असं पिवळं दिसत्यात का वो?" तिनं विचारलं.

"तुजं न्हाईत. कॅमेऱ्याचा रंग हाय तो," भागवत म्हणाला आणि बसल्या बसल्या त्यानं ते डोळे लॅपटॉपवर पांढरेशुभ्र करून टाकले. तिनं मान हलवली आणि ती चहा टाकायला गेली. फोटोतलं नवऱ्याला कळतं, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

लग्नसराई लागली. नव्या कॅमेऱ्याचं नाव झालं, भागवतला घरी बूड टेकवायला सवड मिळेना. अन् एके दिवशी निकिताचा फोन आला, की आई भान नसल्यासारखं बोलतीय. नगरच्या दवाखान्यात नेईतो मनकर्णाला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. कावीळ अंगात मुरून यकृत पार निकामी झालं होतं. डॉक्टरांनी विचारलं, डोळे कधीपासून पिवळे आहेत? निकिता बापाकडे बघू लागली. भागवतला दिवस ठाऊक होता. मनकर्णा घरी परत आली ती शववाहिकेतूनच.

दहाव्याच्या आधी फोटो करायचा होता. भागवतनं हात न लावलेला मूळ फोटो उघडला. मागची भिंत पांढरी होती. हवेतले तांदूळ पांढरे होते. कॅमेऱ्याचा रंग कुठंच चुकला नव्हता. पिवळे होते ते मनकर्णाचे डोळे, फक्त तिचेच. जगात एका यंत्रानंच ते ओळखून, नेम धरून त्याच्यापुढे ठेवले होते आणि त्यानं ते पुसले होते. तो टेबलावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला.

निकितानं फ्रेमसाठी तो सुधारलेलाच फोटो निवडला. आई त्यात किती छान दिसतीय, म्हणाली. भागवतनं तो घेतला नाही. जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड शोधून त्यातला एक पुसट फोटो त्यानं मोठा करून आणला आणि स्वतःच्या हातानं खिळा ठोकून लावला. निकिता चिडली. लोक काय म्हणतील, पप्पा? आईचं तोंडसुद्धा नीट दिसत नाही.

"तिचं डोळं दिसत न्हाईत ना त्यात," भागवत म्हणाला, "म्हनून लावलाय."