खाचांतलं काळं

चांदीचे कारागीर असलेले काका गेले, तरी काकी घरीच लोकांचे दागिने उजळून देत. लेक परदेशी निघाली, तेव्हा त्यांनी काकांनी घडवलेलं कडं काढलं. नक्षी उठून दिसावी म्हणून काका खाचांत मुद्दाम काळं ठेवायचे.

"आई, असलं काळपट मी नाही नेणार."

काकींनी सोड्याने घासून ते लख्ख केलं, ब्रश ओट्यावर आडवा ठेवला. दोघी जेवून आल्या, तर नक्षी चकचकीत आणि खाचा पुन्हा काळ्याभोर. ब्रश पेल्यात उभा होता, काका ठेवायचे तसा.

काकींनी पेल्यातल्या ब्रशवरून बोट फिरवलं. मग कडं लेकीच्या हातात चढवत हळूच म्हणाल्या, "असंच ने, बाई. तुझे बाबा ऐकायचे नाहीत."