गुणाने बसवलेलं हवेचं लॉक

जोयड्यातला गुणा वेळीप जीपगाड्यांची वायरिंग करायचा. हॉर्न, हेडलाइट, बॅटरी, सगळ्यांत हात बसलेला. पण स्वतः गाडीत बसायचं म्हटलं की त्याच्या तळहातांना घाम सुटे. आदल्या पावसाळ्यात पुंडलिकची पॅसेंजर नेणारी वडाप जीप कुंभारवाड्याच्या पुढच्या चढावर मागे घसरली होती. आत गुणाही होता. मागचं बंपर झाडाला अडकलं म्हणून माणसं वाचली. तेव्हापासून तो आपल्या वाडीवर चालतच जाई.

पुंडलिकने शहाण्णव साली गोव्याहून मोडीत निघालेल्या रॅलीच्या गाडीचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना इंजिनाचा जोर वाटून देणारा भाग, आणलं. साध्या गाडीत चिखलात एक चाक नुसतं गरगरलं की दुसरं गप्प बसतं, गाडी हलत नाही. ह्यात लॉक होतं. ते लावलं की मागची दोन्ही चाकं एकदम फिरत. लॉक हवेच्या दाबाने लागे. फिटरने ते मागच्या चाकांच्या अॅक्सलमध्ये बसवलं. हवेच्या नळ्या आणि वायरिंग गुणाकडे आली.

त्याने बॉनेटखाली छोटा कॉम्प्रेसर बसवला, फ्यूज घालून वायर ओढली, डॅशबोर्डवर बटण लावलं. बारीक नळी चासीवरून मागे अॅक्सलपर्यंत नेली. सायलेन्सरला लागू नये म्हणून ती पट्टीने ताणून बांधली. जोडांना साबणाचं पाणी लावून पाहिलं. एक बुडबुडा आला नाही.

"आता चल संगट," पुंडलिक म्हणाला. "तू बसलास तरच मी पॅसेंजर घेणार."

"अण्णा, मला न्हाई जमायचं."

"मग म्या कशाच्या भरवशावर माणसं बसवू?"

गुणा तळहात पुसत पुढच्या सीटवर चढला. दोघंच निघाले. कुंभारवाड्यापुढचा तो चढ कोरडा होता, गाडी सरळ वर गेली. गुणाच्या जिवात जीव आला. पण वाडीवर पोचतात तोच तिथली केशर धावत आली. तिच्या नवऱ्याला, लाडूला, शेतात गव्याने मांडीत शिंग घातलं होतं. कांबळं रक्ताने भिजलं होतं. त्याला मागच्या बाकावर आडवा केला, केशर खाली बसून त्याची मांडी दाबून राहिली, आणि पुंडलिकने दवाखान्याकडे जायला ओढ्याची जवळची वाट धरली.

ओढ्यापलीकडे ओल्या लाल मातीचा चढ होता. निम्म्या चढावर मागचं डावं चाक चरात उतरलं आणि नुसतं फिरू लागलं. पुंडलिकने थांबून बटण दाबलं. कॉम्प्रेसर घुरघुरत राहिला. दाब भरला की तो आपोआप बंद व्हायचा, पण आता थांबेचना. जीप बोटभर मागे सरकली.

"हवा जातीया," गुणा पुटपुटला.

"उतर, बघ!"

"अण्णा, खाली जाऊ? गाडी अंगावर आली तर?"

"ब्रेकवर उभा हाय मी. जा!"

गुणाने चाकांमागे दगड सरकवले आणि देवाचं नाव घेत गाडीखाली शिरला. दगड चिखलात कचकन दबला. वरून केशरचं "डोळं उघडा वो, डोळं उघडा" ऐकू येत होतं. चाक चरात उतरलं तसा अॅक्सल खाली लोंबला होता, आणि ताणून बांधलेली नळी जोडातून निसटली होती. सपाट जागेवर सगळं नीट दिसलं होतं. चूक त्याचीच होती. त्याने चासीवरची पट्टी कापून नळी सैल केली, ब्लेडने टोक सरळ छाटलं, जोडात खुपसून नट आवळला.

"आता दाबा!"

घुरघुर झाली, आणि थांबली. गुणा बाहेर सरपटला. दोन्ही चाकांनी एकदम माती धरली आणि जीप हिसका देऊन वर चढली. माथ्यावर लगेच वळण होतं, खाली दरी. दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरत असल्याने लॉक लागलेली जीप वळेना, सरळ कडेकडे निघाली.

"लॉक काढा, अण्णा! काढा!" मागून धावणारा गुणा किंचाळला.

पुंडलिकने बटण बंद केलं. पुढचं चाक कडेची माती पाडत वळलं.

लाडू वाचला, पण पुढे कायम पाय ओढत चालायचा. गुणाने पुढे आणखी काही गाड्यांना असं लॉक जोडलं. अॅक्सल लोंबता ठेवून तपासल्याशिवाय कुठलीच नळी बांधली नाही. पहिल्या फेरीला तो स्वतः पुढच्या सीटवर बसायचा. भीती गेली का, असं केशरने एकदा विचारलं.

"न्हाई वैनी," तो म्हणाला. "चढ आला की अजून डोळं मिटतो मी."